भुयारातली चाळीस मिनिटं

अंबालाल गेल्याची बातमी मी पहिल्यांदा नंदुरबारच्या बसस्थानकाबाहेर, चहाच्या गाडीपाशी सांगितली, आणि चार माणसं पोट धरून हसली. त्यांना दोष देत नाही. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आणि निवृत्त झाल्यापासून रोज त्याच गाडीपाशी उभा राहून मी लोकांना सांगत आलोय की तापीच्या पुरातून बस पोहत कशी नेली, चढायला आलेल्या बिबट्याला अर्धं तिकीट कसं फाडून दिलं. त्यामुळे मी म्हटलं, "अंबालाल गेला रे, पुण्यात, मेट्रोतून उतरला आणि गेला," तेव्हा चहावाला दूध ओतता ओतता म्हणाला, "मेट्रोमा? अंबूभाऊ? आनि तो कसाले जाई मेट्रोमा? फेक, आखो फेक." हातातला फोन अजून गरम होता. पाच मिनिटांपूर्वी त्यावर अंबालालचंच नाव उमटलं होतं, आणि मी नेहमीसारखा ओरडलो होतो, "बोल रे शास्त्रज्ञा!" पलीकडून त्याच्या मुलीचा, जागृतीचा आवाज आला. "काका, मी बोलतेय..." नाव त्याचं, आवाज तिचा. त्या क्षणापासून माझ्या डोक्यात जो गुंता झालाय तो आज सहा आठवडे झाले तरी सुटलेला नाही.

अंबालाल लोणखेड्याचा. घरची शेती, केळी-ऊस, आणि नोकरी कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून. सर नव्हे. सर यायच्या आधी येऊन तारा जोडणारा, आणि सर गेल्यावर त्या सोडवणारा. आमची ओळख झाली ती माझ्या बसमध्ये. हा माणूस नंदुरबारला चढला तोच हातात कमरेएवढी काचेची नळी उभी धरून. नळीत पारा. म्हणाला, हवेचा दाब मोजायचं यंत्र आहे, आडवं केलं तर बिघडेल. बस भरलेली. बसायला जागा दिली तरी बसेना, कारण बसलं की नळी टपाला लागायची नाही पण शेजाऱ्याच्या नाकाला लागायची. शहादा फाट्यापर्यंत तो माणूस दोन्ही हातांनी नळी धरून, पाय फाकवून, खड्ड्याखड्ड्याला गुडघ्यात वाकत उभा राहिला. मी पुढे बावीस वर्षं सांगत आलो की त्यानं नळी धरली म्हणून त्या दिवशी बस सरळ चालली. तो यावर कधी काही बोलला नाही. तो बोलायचाच कमी. त्याच्या वाट्याचं मीच बोलून घ्यायचो.

जागृतीला पुण्यात नोकरी लागली आणि ती मेट्रोनं जायला-यायला लागली, तिथून हे सगळं सुरू झालं. मेट्रो काही अंतर जमिनीवरून, खांबांवरून जाते आणि मग भुयारात शिरते. जागृतीनं वडिलांच्या फोनवर असं काही करून दिलं होतं की नकाशावर ती जिथं असेल तिथं निळा ठिपका दिसे. सकाळी चहा पिताना अंबालाल तो ठिपका बघत बसायचा. ठिपका सुरसुर सरकायचा आणि भुयाराच्या तोंडाशी येऊन खिळायचा. मी एकदा समोरच होतो.

"थांबनं," तो म्हणाला.

"अरे, जमिनीखाली उपग्रहाला कसं दिसेल?"

"ते माले माहीत शे, कंडक्टर. मी ते इचारी नही ऱ्हायना. मी म्हनस, ती आते कोठे शे?"

ती सुखरूप होती, दहा मिनिटांनी ऑफिसात पोहोचल्याचा निरोपही यायचा. पण ही दहा मिनिटं अंबालालला रोज टोचायची. काळजीपेक्षाही त्याला ते गणित अर्धवट सोडल्यासारखं वाटत असावं... की काळजीच होती, आणि गणित हे तिचं पांघरूण? मला नक्की सांगता येत नाही. मुलीला विचारावं तर तीही खांदे उडवते.

मग त्यानं शोधून काढलं की आपल्या साध्या फोनातच तीन-चार सोपी यंत्रं बसवलेली असतात. एकाला धक्का कळतो, एकाला वळण कळतं, आणि बऱ्या फोनांत एकाला हवेचा दाबही कळतो. त्यांना ना उपग्रह लागतो, ना नेटवर्क. "मन्ही ती पाराची नयी व्हती ना," तो मला म्हणाला, "ती आते तांदुयना दानाएवढी व्हयनी." तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र! आणि मी ज्याची मरेस्तोवर टर उडवली ती नळी! तो फोन घेऊन तो धानोऱ्याला माझ्या मळ्यात आला, आणि आम्ही दोन म्हाताऱ्यांनी तो फोन पाटीत ठेवून विहिरीत सोडला. दोर माझ्या हातात. खाली जाईल तसा हवेचा दाब कणभर वाढतो, वर येईल तसा कमी होतो, आणि फोन त्याची रेष काढतो. वीस वेळा खाली, वीस वेळा वर. माझी सून ओट्यावरून बघत होती. तिनं संध्याकाळी माझ्या मुलाला विचारलं, "दोघांना दवाखान्यात दाखवायचं का?"

आता ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती सांगतो. कुठल्याशा फुशारकीत मी त्याला म्हटलं होतं की नंदुरबार ते शहादा मला डोळे बांधून बसवा, बस कुठे आहे ते मी अंगानं सांगेन. धक्का, वळण, ब्रेक, सगळं माझ्या हाडांत लिहिलेलं आहे. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. अंबालालनं वही काढली. "डोया बांधीसन सांगशी? बठं?" म्हटलं, बठं, सगळंच्या सगळं! त्याच आठवड्यात त्यानं मला बसमध्ये खिडकीशी बसवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला, फोन माझ्या खिशात घातला, आणि स्वतः शेजारी पेन्सिल घेऊन बसला. मी एकेक सांगत गेलो. आता नाका. आता पूल आला. आता प्रकाशा गावाचं वळण. एकही चुकलं नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले, एका बाईनं माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि खरं काय होतं? टॉवेल माझाच होता. धुऊन धुऊन त्याची मच्छरदाणी झाली होती. मला ड्रायव्हरच्या कानातले केससुद्धा दिसत होते.

हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. कारण त्यानंतर तो पेटला. माणसाच्या अंगाला कळतं तर यंत्राला का नाही, असं म्हणून तो जागृतीच्या मागे लागला. ती फोन पर्समध्ये टाकून रोजचा प्रवास करायची, फोन सगळ्या रेषा टिपायचा, आणि घरी आली की ती वडिलांना पाठवायची. अंबालाल त्या रेषा आलेखाच्या कागदावर उतरवून चिकटवायचा. गाडी सुटली की धक्क्याची रेष एका बाजूला झुकते, थांबताना दुसऱ्या. भुयारात उतरली की हवेची रेष चढते. अशी एकेक खूण लावत त्यानं कधी न पाहिलेल्या भुयाराचा नकाशा लोणखेड्यातल्या मागच्या खोलीत बसून तयार केला. कागद इतका लांब झाला की तो उलगडायला दार उघडावं लागे आणि टोक अंगणात जाई. यात फुगवण नाही, हे जागृतीला विचारा.

एक मात्र त्यानं माझ्याकडून उचललं. गाडी थांबवायची तर कंडक्टर एक घंटी देतो, सोडायची तर दोन. अंबालाल म्हणाला, प्रवासात खिशावर अशीच थाप मारायची. स्थानक आलं, एक थाप. गाडी सुटली, दोन. फोनाच्या रेषेत तेवढे काटे उमटतात आणि नंतर वाचताना कुठे काय झालं ते कळतं. मला इतका अभिमान वाटला की मी ते चहाच्या गाडीपाशी 'मेट्रोवाल्यांनी माझी घंटी घेतली' असं सांगून टाकलं.

मग तो स्वतः पुण्याला गेला, आपला नकाशा खरा आहे का ते तपासायला. जागृतीच्या घराजवळ, जिथं मेट्रो खांबांवर आहे, तिथं सकाळी अकराच्या सुमाराला चढला. भुयारातून शेवटच्या स्थानकापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा बेत. तास-सव्वा तासाचं काम. परत आला जवळजवळ दोन तासांनी. चढला होता त्याच स्थानकाचा जिना उतरला, खालच्या बाकावर बसला, आणि बसल्या जागी गेला. हृदय. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मधल्या वेळात, बहुधा एखाद्या स्थानकावर रेंज मिळाली तेव्हा, त्यानं जागृतीला एकदा फोन केला होता. ती बैठकीत होती, फोनचा आवाज बंद. त्याचाही ठिपका तिच्या फोनवर दिसे; जेवायच्या सुट्टीत तिनं पाहिलं, तो भुयाराच्या तोंडाशी होता. तिला वाटलं, खाली आहेत, प्रयोग चाललाय. तिनं परत फोन लावला, तो लागला नाही. ती डबा खायला बसली.

तेराव्यानंतर ती लोणखेड्याला मागच्या खोलीत मला घेऊन बसली. समोर वही, वडिलांचा फोन, आणि त्या शेवटच्या प्रवासाच्या रेषा छापून आणलेले कागद.

"काका, हे वाचायला त्यांनी तुम्हालाच शिकवलं होतं. मला एवढंच सांगा. बाबा हरवले होते का?"

"म्हणजे?"

"दोन तास लागले. मला फोन केला. मी घेतला नाही. ते हरवले होते आणि घाबरून मला फोन करत होते, की मजेत प्रयोग करत होते? मी डबा खात होते तेव्हा ते काय करत होते?"

मी कागद पुढे ओढले. आधी वही चाळली, खुणा लावायला. तर बसमधल्या त्या प्रयोगाचं पान आलं. माझी सगळी उत्तरं ओळीनं लिहिलेली, प्रत्येकापुढे 'बरोबर'. आणि खाली त्याच्या बारीक अक्षरात, 'सर्व निकाल रद्द. टॉवेल पातळ.' दोन वर्षं मला वाटत होतं की मी त्याला फसवलं आणि त्या जोरावर तो भुयारात शिरला. आणि हा घरी येऊन माझ्यासमोर चहा पीत होता, सगळं माहीत असून! मी हसायला लागलो, आणि हसताना मला रडू फुटलं, आणि जागृतीला वाटलं कागदात काहीतरी भयंकर सापडलं.

कागदात पहिला पाऊण तास देखणा होता. एक थाप, दोन थापा, एक थाप, दोन थापा. तीस वर्षांत मी इतकी नेमकी घंटी दिली नसेल. शेवटचं स्थानक, तिथून परत. मग ते एक खोल स्थानक आहे, जिथं एक मेट्रो खालून जाते आणि दुसरी वरून. वहीत लिहिलेलंच होतं, 'येथे उतरून जिन्यांची उंची मोजणे.' उतरला. आणि इथून पुढे मला काही कळेना. हवेची रेष वर जाते, खाली येते, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग गाडीत. एक स्थानक, दोन स्थानकं. उतरला. पुन्हा गाडीत. थापा उलटसुलट. गाडी सुटताना एक, थांबताना दोन. मग थापा बंदच. पुन्हा तेच खोल स्थानक, पुन्हा जिने. अशी चाळीस मिनिटं.

मी कागद दुमडला आणि छाती फुगवून म्हणालो, "अगं, हरवतो कसला! जिने मोजत होता. बघ ना, चौदा वेळा मोजले. वेड्यासारखा खूश असणार तो. प्रयोग म्हणजे..."

"काका."

"काय?"

"तुम्ही खोटं बोलताना आकडा सांगता. बाबा म्हणायचे, कंडक्टरनं आकडा दिला की गोष्ट सोडून द्यायची."

मी कागद तिच्याकडे सरकवला. आणि मग जे वाक्य मी नोकरीत साहेबापुढेही कधी उच्चारलं नाही ते म्हणालो, "मला माहीत नाही, बेटा."

म्हणून आम्ही दोघं पुण्याला गेलो. त्याच वेळेला, त्याच स्थानकावरून चढलो. भुयार लागलं तसे मी डोळे मिटले, खरे मिटले, टॉवेल नाही काही नाही. आणि मला काहीसुद्धा कळलं नाही! एक खड्डा नाही, एक आचका नाही, डिझेलचा वास नाही, कोंबडीचा आवाज नाही. लोणी कापल्यासारखी गाडी जाते. आपल्या रस्त्यांनी तीस वर्षं मला खड्ड्याखड्ड्यानं पत्ता सांगितला होता, आणि मी समजत होतो की शहाणपण माझ्या हाडांत आहे. त्या खोल स्थानकावर आम्ही उतरलो, सरकते जिने चढलो, वळलो, पुन्हा उतरलो. समोर गाडी आली, मी ऐटीत चढलो. दारं लागली तेव्हा जागृती हळूच म्हणाली, "काका, आपण उलट चाललोय."

तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. अंबालालचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा होता. आपण कुठून बसलो ते माहीत असलं, तर किती थांबलो, किती वळलो, किती उतरलो यावरून आत्ता कुठे आहोत ते निघतं. पण उलट्या गाडीत बसलास, तर प्रत्येक धक्का खरा असतो, प्रत्येक वळण खरं असतं, आणि तू भलतीकडेच असतोस. पाट्या होत्या, सूचना होत्या, सगळं होतं. पण त्याला पाटीपेक्षा स्वतःच्या कागदावर जास्त विश्वास. तो कागद धरून बसला असणार आणि स्थानकं कागदाप्रमाणे येत नसणार...

आम्ही एका बाकावर बसलो. मी म्हणालो, "हरवला होता, जागृती. चाळीस मिनिटं हरवला होता. फोनातली वेळ बघ, तुला फोन केला तो त्यातच."

तिनं मान हलवली. रडली नाही. तिनं कागद मागून घेतला आणि एका जागी बोट ठेवलं. "मग हे काय आहे?"

चाळीस मिनिटांच्या शेवटी चार मिनिटं काहीच नव्हतं. ना गाडी, ना जिना. फोन टेबलावर ठेवला की रेष मरून पडते, तशी नव्हती ही. खिशात होता, श्वासाइतका हलत होता. म्हणजे अंबालाल उभा होता. आणि वळणाच्या रेषेवर एक छोटी पायरी. एका जागी उभं राहून तो चार बोटं डावीकडे वळला होता, आणि तसाच राहिला होता.

मी ओळखलं. बावीस वर्षं मी त्या माणसाशी बोललोय. डाव्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं. कुणी समोर येऊन बोलायला लागलं की तो अंगानं थोडा डावीकडे वळून उजवा कान पुढे करायचा.

"कुणाशी तरी बोलत होता," मी म्हणालो.

"बाबा? अनोळखी माणसाशी?"

"रस्ता विचारत होता."

"बाबा?"

अंबालालनं जन्मात कुणाला रस्ता विचारला नाही. सुरतेत एकदा माझ्याबरोबर लग्नाला आला होता, चुकीच्या मांडवात जेवून आला पण विचारलं नाही. रस्ता विचारणं म्हणजे त्याला परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणं वाटायचं. आणि तो चार मिनिटं कान देऊन उभा होता. विचारलंच असणार, कारण त्यानंतर गाडी लागते, आणि थापा परत सुरू होतात. एक, दोन. एक, दोन. भुयारातून वर, खांबांवर, थेट जागृतीच्या स्थानकापर्यंत, एकही न चुकता. पुढे जिना उतरल्याच्या खुणा आहेत, आणि तो बसला तेही आहे. त्यापुढचा कागद मी आधीच मागे दुमडून ठेवला होता, आणि तिनं तो उलगडला नाही.

म्हणून हा लेख लिहिला. पुण्यातही ही पुरवणी वाचणारे आहेत, असं मला सांगतात. सहा आठवड्यांपूर्वी, एका दुपारी, त्या दोन मजली खोल स्थानकात एक उंच, वाळका म्हातारा तुमच्यापैकी कुणाला तरी भेटला असेल. पांढरा सदरा, खिशात फोन, हातात घडी घातलेला लांबलचक कागद. तुम्ही त्याला कुठल्या गाडीत बसायचं ते सांगितलंत. चार मिनिटं दिलीत, म्हणजे एकदा सांगून निघून गेला नाहीत, बहुधा गाडी येईपर्यंत थांबलात. तुमचे उपकार आहेतच. पण मला तुम्हाला एक विचारायचं आहे. अंबालाल परक्याशी बोलताना शाळेतलं मराठी बोलायचा, अगदी स्वच्छ, 'कृपया' वगैरे घालून. घाबरला किंवा गोंधळला की मात्र त्याची अहिराणी सुटायची, मग समोर कलेक्टर असला तरी. तो तुमच्याशी कशात बोलला? 'कृपया' म्हणाला, की 'भाऊ, हाई गाडी कोठे जास?' म्हणाला?

जे असेल ते या पुरवणीच्या पत्त्यावर कळवा, आणि पत्र जागृतीच्या नावानं घाला. मी सांगितलं तर ती विश्वास ठेवायची नाही.